हिवाळ्यात फ्रेंच गावांना कुलूप लागत नाही

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत फ्रान्सच्या छोट्या गावांत जायचा बेत भावंडांनी केला, की घरातूनच विरोध सुरू होतो. सगळं बंद असेल, बर्फात अडकाल, गाडीशिवाय हलता येणार नाही, आणि खाल काय? ताईबरोबर या दिवसांत बर्गंडी आणि पेरिगोर हिंडल्यापासून माझं मत पक्कं आहे. ही गावं हिवाळ्यातच निवांत भेटतात, मात्र कोणत्या वारी कुठे असायचं हे आधी ठरवून निघायला हवं.

‘सगळं बंद असतं’ यात थोडं तथ्य आहे. जानेवारीत बरीच हॉटेलं आणि रेस्तराँ वार्षिक सुट्टी घेतात. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी छोट्या गावांतली बहुतेक दुकानं बारा महिने बंदच असतात, त्याचा हिवाळ्याशी काही संबंध नाही. पण याच गावांत शनिवारी सकाळी या. बर्गंडीतल्या बोनमध्ये आठवडी बाजार ऑतेल-द्यूच्या अगदी समोर भरतो. गोरगरिबांसाठीचं हे रुग्णालय बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सलर निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी 1443 मध्ये स्थापन केलं, आणि 1971 पर्यंत तिथे रुग्ण होते. हिवाळ्यातही ते पाहायला खुलं असतं. रोजिए व्हॅन डर वेडेनचं ‘अंतिम न्याय’ हे अनेक फळ्यांचं भव्य चित्र इथेच आहे. उन्हाळ्यात त्यापुढे माणसांची भिंत असते, जानेवारीत चित्रातल्या एकेका चेहऱ्यापाशी हवा तितका वेळ थांबता येतं.

काही गोष्टी तर हिवाळ्याशिवाय मिळतच नाहीत. पेरिगोरची काळी ट्रफल ही जमिनीखाली ओकच्या मुळांशी वाढणारी बुरशी थंडीत पिकते. उन्हाळ्यात जी मिळते ती वेगळी जात, तिचा वासही सौम्य. सार्ला गावात डिसेंबर ते फेब्रुवारी दर शनिवारी सकाळी ट्रफलचा बाजार भरतो. विक्रीआधी मालाची तपासणी होते. चाकूने छोटासा काप काढून आतला काळा गर आणि त्यातल्या पांढऱ्या बारीक शिरा पाहतात, त्यावरून ती पिकली की नाही ते कळतं. विकत घ्यायची नसली तरी वास घ्यायला कुणी मनाई करत नाही, आणि ओल्या मातीचा, जंगलाचा तो वास नंतर बराच वेळ बोटांवर राहतो. प्रोव्हान्समधल्या रिशरांश गावात जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी चर्चमध्ये ट्रफलची खास प्रार्थना असते. भाविक दानपात्रात ट्रफल टाकतात आणि पुढे त्यांचा लिलाव होतो.

थंडीचं म्हणाल तर बर्फ डोंगराळ भागात. बर्गंडीत जानेवारीत दुपारचं तापमान पाच-सहा अंशांच्या आसपास असतं, नीससारख्या भूमध्य किनाऱ्यावर तेरा. खरा त्रास दमटपणाचा, आणि दक्षिणेत मिस्त्राल वाऱ्याचा. त्याहून मोठी अडचण उजेडाची. डिसेंबरअखेर पॅरिसमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या आत मावळतो. बाहेर हिंडण्यासाठी सात-आठ तासच हाती असतात, म्हणून एका दिवसात तीन गावं बसवू नयेत.

ऑफ-सीझन म्हणजे सगळं स्वस्त आणि रिकामं, हाही एक भ्रमच. बोनला नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी ऑतेल-द्यूच्या द्राक्षमळ्यांच्या वाइनचा लिलाव होतो. ही प्रथा 1859 मध्ये सुरू झाली. त्या शनिवार-रविवारी खोली मिळणं अवघड, मिळाली तर महाग. अल्सासमधल्या कोलमारला नाताळच्या बाजारामुळे डिसेंबरात तोबा गर्दी असते. फेब्रुवारीत शाळांना विभागवार सुट्ट्या लागल्या की डोंगरातली गावं भरून जातात.

गाडीशिवायही बरंच जमतं. पॅरिसहून दिजाँ वेगवान रेल्वेने साधारण पावणेदोन तासांवर, पुढे टीईआर या प्रादेशिक गाडीने बोन अर्ध्या तासाच्या आत. सार्लाला बोर्दोहून थेट टीईआर येते. गुलाबी ग्रॅनाइटवर वसलेल्या सेम्यूर-आँ-ओक्स्वाला मात्र रेल्वे नाही. माँबार स्थानकावरून बसने जावं लागतं, आणि रविवारी बस फार कमी. गाडी घेणारच असाल तर 1 नोव्हेंबर ते 31 मार्च नेमून दिलेल्या डोंगराळ भागांत हिवाळी टायर किंवा चेन सक्तीच्या असतात, हे गाडी भाड्याने घेतानाच विचारून घ्या.

शाकाहारी मंडळींना ‘चीज आहेच की’ असं सांगून आश्वस्त केलं जातं. ते पूर्ण खरं नाही. कोंते, रोकफोर यांसारखी पारंपरिक चीज वासराच्या जठरातलं रेनेट घालून करतात, कांद्याच्या सूपमध्ये बहुधा मांसाचा रस्सा असतो, मसूरही डुकराच्या मांसाचे तुकडे घालून शिजवलेली असू शकते. त्यामुळे विचारल्याशिवाय ताटाला हात लावू नका. बाजारातल्या भाज्या, ब्रेड, अक्रोड आणि सफरचंदं यांवर जेवण उत्तम होतं. रेस्तराँचं दुपारचं जेवण साधारण बारा ते दोन, नंतर स्वयंपाकघर बंद.

भावंडांसाठी एक खास सूचना. खोली घेताना दोन वेगळे पलंग हवेत हे स्पष्ट सांगा. नुसती दोघांसाठीची खोली मागितली तर तिथे एकच मोठा पलंग मिळतो. आणि चोवीस तास एकत्र राहिलंच पाहिजे असं नाही. बोनचं जुनं गाव तटबंदीच्या आत पायी सहज पार होतं. ताईला वाइनच्या तळघरांत रस, मला चित्रांत. सकाळी वेगळे होऊन साडेबाराला जेवायला भेटायचं, हे मोठ्या शहरात जमत नाही, इथे जमतं.

वारांचं गणित असं जुळवता येतं. शनिवार बाजारासाठी, सार्ला किंवा बोनला. रविवारी संध्याकाळी दिजाँसारख्या मोठ्या शहरात मुक्कामाला या. तिथलं ललितकला संग्रहालय सोमवारी उघडं असतं आणि कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. मंगळवारी ते बंद, तेव्हा पुढच्या गावाची गाडी पकडा.