लघवीतील प्रथिनांचा प्रकाशाद्वारे शोध

मूत्रपिंडाचा विकार दबक्या पावलांनी येतो. वेदना नाही, ताप नाही. पायांवर सूज चढून रुग्ण डॉक्टरांकडे पोहोचतो, तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. डायलिसिस कक्षाबाहेर तासन्‌तास बसणाऱ्या नातेवाइकांना हे निराळे सांगावयास नको. या विकाराची एक खूण मात्र बरीच आधी उमटू शकते. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन पाझरू लागते.

आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. निरोगी अवस्थेत त्यातून २४ तासांत ३० मिलिग्रॅमहून कमी अल्ब्युमिन बाहेर पडते. ते ३० ते ३०० मिलिग्रॅमच्या दरम्यान सातत्याने आढळल्यास ती धोक्याची सूचना होय. लंडनचे डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी चमच्यात लघवी तापवून ती गोठते का, हे पाहत असत. पुढे पिवळ्याची हिरवी होणारी पट्टी आली. परंतु अल्प प्रमाणातील अल्ब्युमिन तिलाही चकवते.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न प्रकाशीय नॅनोसंवेदक करतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असता लाल दिसतात, एकत्र आले की निळसर-जांभळे. गरोदरपणाच्या घरगुती चाचणीतील रेघ पुष्कळदा अशाच सुवर्णकणांची असते. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील संशोधकांनी निराळी वाट दाखविली. रक्तातील अल्ब्युमिन मेदाम्लांना धरून ठेवते, हे जाणून त्यांनी कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांवर मेदाम्लांशी साधर्म्य असलेल्या रेणूंचे आवरण चढविले. त्यास अल्ब्युमिन चिकटताच नळ्यांतून निघणारा अवरक्त प्रकाश बदलतो. हा संवेदक रंगात मिसळून पृष्ठभागावर लावता येतो, हेही त्यांनी दाखविले.

असे नळ्यांचे संवेदक अद्याप नित्य वापरात आलेले नाहीत. तथापि त्यांची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांच्या गुणोत्तराची चाचणी आजही उपलब्ध आहे. मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेल्यांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्षातून एकदा करून घ्यावी. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग वा कठोर व्यायाम यांमुळेही अल्ब्युमिन तात्पुरते वाढते. म्हणून एका अहवालाने घाबरून न जाता फेरतपासणी करावी. वेळीच निदान झाल्यास रक्तदाब व साखर ताब्यात ठेवून आणि योग्य औषधांनी मूत्रपिंडाची हानी मंदावता येते. डायलिसिससाठी आपण उदार हस्ते साहाय्य करता. एखाद्या कुटुंबावरील ती वेळ लांबवणे हेही तितकेच मोलाचे कार्य आहे.