मुदतीचे मानसशास्त्र

हाती घेतलेले काम अमुक दिवसांत पुरे करू असे वचन आपण सद्भावनेने देतो, आणि मुदत टळली म्हणजे तिचा दोष कधी स्वतःच्या आळसाला, कधी दैवाला, तर कधी तिऱ्हाइताच्या हलगर्जीपणाला देऊन मोकळे होतो. परंतु गेल्या अर्धशतकातील मानसशास्त्रीय संशोधनाचा निष्कर्ष असा की, ही चूक पुष्कळदा कामास हात लागण्यापूर्वीच, अंदाज बांधतेवेळी घडून गेलेली असते. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी या नियोजनभ्रमाचे विवेचन १९७९ साली प्रसिद्ध केले.

त्यामागची हकिकत कानेमन यांनीच मोठ्या प्रांजळपणे लिहून ठेवली आहे. निर्णय कसे घ्यावेत हा विषय माध्यमिक शाळांत शिकवता यावा म्हणून इस्रायलमध्ये एक मंडळ पाठ्यपुस्तक रचीत होते. वर्षभर दर शुक्रवारी दुपारी बैठका झाल्या, एकदोन प्रकरणेही लिहून झाली, तेव्हा कानेमन यांनी प्रत्येकास पुस्तक पुरे होण्याचा आपला अंदाज कागदावर मांडण्यास सांगितले. सर्वांचे अंदाज दीड ते अडीच वर्षांच्या आत आले. मग त्यांनी मंडळातील अभ्यासक्रमतज्ज्ञ सीमोर फॉक्स यांस विचारले, की अशा इतर मंडळांना प्रत्यक्षात किती काळ लागला? फॉक्स क्षणभर स्तब्ध राहिले आणि म्हणाले, की सुमारे ४० टक्के मंडळांनी काम अर्ध्यावरच सोडले, आणि ज्यांनी तडीस नेले त्यांपैकी कोणालाही सात वर्षांहून कमी काळ लागला नाही. ही माहिती ज्यांच्यापाशी होती, त्या फॉक्स यांनी स्वतःही काही क्षणांपूर्वी इतरांसारखाच अंदाज लिहिला होता! पुस्तक आठ वर्षांनी पुरे झाले आणि शाळांत कधीच लागले नाही.

या हकिकतीचे सारे मर्म मला त्या फॉक्स यांच्या कागदात दिसते. ज्ञान असणे वेगळे आणि निर्णयाच्या वेळी ते आठवणे वेगळे. आपण काम मनात रंगवतो ते एका सरळ कथानकासारखे, एका पायरीवरून दुसरीवर जाणारे. त्यात घरातले आजारपण, न मिळालेला दाखला, पुन्हा लिहावा लागलेला मसुदा यांना स्थान नसते, कारण यांतील प्रत्येक विघ्न सुटे पाहिले तर असंभाव्यच असते, आणि तरीही त्यांपैकी एखादे उद्भवणे जवळजवळ अटळ असते.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना बूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी असेच विचारले, आणि १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. सर्व काही प्रतिकूल घडले तर ४९ दिवस लागतील असे ते म्हणाले. प्रत्यक्षात ५५ दिवसांहून अधिक लागले. म्हणजे त्यांची निराशादेखील पुरेशी निराश नव्हती. मात्र याच संशोधनमालेत, ज्यांना आपली पूर्वीची कामे आठवून त्यांचा चालू कामाशी संबंध जोडावयास लावले, त्यांचे अंदाज बरेच खरे ठरले. दुसऱ्याच्या कामाचा अंदाज करतानाही माणसे इतकी आशावादी नसतात.

उपाय यातूनच निघतो, आणि तो अगदी स्वल्प खर्चाचा आहे. एका वहीत काम, योजलेली तारीख आणि पुरे झाल्याची तारीख अशा तीन रकान्यांची नोंद ठेवावी. दहापंधरा नोंदी झाल्या, की नव्या कामाची मुदत या दप्तरास विचारून ठरवावी. कामाचे लहान लहान घटक लिहून काढले तरी अंदाज वाढतो आणि वास्तवाकडे झुकतो, असे क्रूगर आणि एव्हन्स यांनी २००४ साली दाखविले. ब्रिटनचे अर्थखाते तर सार्वजनिक बांधकामांच्या अंदाजपत्रकांत या आशावादापोटी रीतसर वाढ धरावयास सांगते.

आशावाद त्याज्य आहे असे मी म्हणणार नाही. तो नसता तर कित्येक ग्रंथांचे पहिले पानही लिहिले गेले नसते. परंतु दुसऱ्यास शब्द देताना त्याच्यावर विसंबणे अन्यायाचे आहे, आणि त्याहून मोठा अन्याय, अभ्यास वेळेवर न आटोपणाऱ्या मुलास आळशी ठरविण्याचा. पालकांनी आणि शिक्षकांनी त्यास ‘केव्हा करशील?’ असे विचारण्याआधी ‘मागच्या खेपेस किती दिवस लागले होते?’ एवढे अवश्य विचारावे.