गाडीतला गारवा कुठे गेला?

हातावर स्पिरिटचे दोन थेंब टाकून फुंकर घाला. हात गार पडतो. कारण वाफ होताना स्पिरिट हाताची उष्णता घेते. मोटारीतले वातानुकूलन यंत्र हेच करते. बऱ्याच मोटारींत त्यासाठी आर-134ए हा वायू बंदिस्त फिरत असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे 26 अंश सेल्सिअसवरच उकळतो. डॅशबोर्डमागच्या नळ्यांत द्रवाची वाफ होते व हवा गार होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. मग रेडिएटरपुढील जाळीत उष्णता बाहेर टाकून तिचा पुन्हा द्रव होतो.

आता गारवा थांबला, तर काय पाहाल? झोतच मंद असेल, तर हवेची गाळणी धुळीने तुंबली असेल. गाडी धावताना गार आणि सिग्नलपाशी थांबताच कोमट हवा येत असेल, तर जाळीचा पंखा बंद असावा. झोत जोरात, पण सदैव कोमट असेल, तर वायू कमी झाल्याचा संशय घ्या.

"गॅस संपला, भरून घ्या," असा सल्ला मिळेल. पण हा वायू पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळतो आहे! वायूबरोबर कॉम्प्रेसरचे वंगणतेलही फिरते. म्हणून सांध्यावरचा तेलकट डाग बहुधा गळतीची जागा दाखवतो. सांधे मात्र स्वतः सोडवू नका, आत मोठा दाब असतो.

गळती न बुजवता भरलेला वायूही हवेतच जाणार. आणि 100 वर्षांच्या हिशेबाने तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक पृथ्वीला तापवतो. म्हणून आधी गळती शोधायची, मगच वायू भरायचा.