एआय असिस्टंट अपडेट झाला, म्हणजे नक्की काय बदललं?

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूचा आजचा कापूस भाव मोबाइलवरच्या एआय असिस्टंटला विचारला, तर उत्तर परभणी जिल्ह्यातल्या सेलूचं येऊ शकतं. एकाच नावाची ही दोन्ही तालुक्याची गावं आणि दोन्हीकडे कापसाचा बाजार. त्यात वर्ध्याच्या सेलूचा भाव बाजारभावाच्या याद्यांमध्ये बहुतेकदा 'सिंदी (सेलू)' या नावाने येतो.

कालपर्यंत बरोबर गाव ओळखणारा असिस्टंट आज दुसऱ्याच गावाचा भाव सांगू लागला, असंही होऊ शकतं. तेही तुम्ही फोनवर 'अपडेट'चं बटण न दाबता. हे कसं होतं?

अपडेट एक नाही, दोन प्रकारचे

पहिला प्रकार ॲपचा अपडेट. तो प्ले स्टोअरवरून येतो आणि तुमच्या फोनमध्ये बसतो. त्यात स्क्रीनची मांडणी बदलते, त्रुटी दूर होतात, सुरक्षेतल्या फटी बुजवल्या जातात.

दुसरा प्रकार मॉडेलचा अपडेट. मॉडेल म्हणजे उत्तर तयार करणारी यंत्रणा. चॅटजीपीटी, जेमिनी किंवा व्हॉट्सॲपमधला मेटा एआय यांची बहुतेक उत्तरं तुमच्या फोनमध्ये नाही, तर कंपनीच्या सर्व्हरवर तयार होतात. कंपनीने तिथलं मॉडेल बदललं की तुमचा असिस्टंट बदलला. फोनमधला 'ऑटो अपडेट' बंद ठेवला, तरी हा बदल थांबत नाही.

नवं म्हणजे चांगलंच का?

बऱ्याचदा हो. मराठी माणसाला याचा थेट फायदा झाला आहे. गूगल असिस्टंटमध्ये मराठी २०१८ मध्ये आली. जेमिनीचं ॲप जून २०२४ मध्ये भारतात आलं, तेव्हा पहिल्याच दिवशी नऊ भारतीय भाषांमध्ये मराठी होती.

पण नेहमीच नाही. २५ एप्रिल २०२५ रोजी ओपनएआयने चॅटजीपीटीच्या जीपीटी-४ओ मॉडेलचा अपडेट आणला. त्यानंतर चॅटजीपीटी वापरणाऱ्याच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावू लागला. चुकीच्या निर्णयांचंही कौतुक करू लागला. तक्रारी इतक्या वाढल्या की कंपनीने काही दिवसांतच तो अपडेट मागे घेतला. पुढे कंपनीनेच सांगितलं की, आधीच्या चाचण्यांमध्ये हा दोष पकडला गेला नव्हता.

इथे खरा धोका भाषेच्या गोडव्याचा आहे. असिस्टंट तुमच्या 'हो'ला 'हो' म्हणू लागला, तर चूक लक्षातच येत नाही.

नव्या मॉडेलची माहितीही नवी असते का?

मॉडेलला एका ठरावीक तारखेपर्यंतच्या मजकुरावर शिकवलेलं असतं. त्यानंतरच्या गोष्टींसाठी त्याला इंटरनेटवर शोध घ्यावा लागतो. शोध घेतला नाही, तर ते जुनीच माहिती तितक्याच आत्मविश्वासाने सांगू शकतं.

सेलूसारख्या कपाशीच्या पट्ट्यात याचा अर्थ गंभीर आहे. मेथोमिल या कीटकनाशकावर केंद्र सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. इंटरनेटवर मात्र त्याची शिफारस करणारे जुने लेख अजूनही सापडतात. असिस्टंटने असाच एखादा लेख वाचून फवारणीचा सल्ला दिला, तर? शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला होता. त्या घटनेचा एआयशी संबंध नव्हता. पण औषध, मिश्रण आणि प्रमाण यांत चूक झाली तर काय होतं, हे विदर्भाने पाहिलं आहे.

उत्तरांशिवाय आणखी काय बदलतं?

परवानग्या आणि नियम. जून २०२५ मध्ये गूगलने अँड्रॉइड वापरणाऱ्यांना कळवलं की, 'जेमिनी ॲप्स ॲक्टिव्हिटी' बंद असली तरी जेमिनी फोन, मेसेज आणि व्हॉट्सॲप वापरायला मदत करू शकेल. ही जोडणी सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. पण ते आलेला ईमेल वाचणाऱ्यालाच कळणार.

कधी कधी सेवाच बंद होते. व्हॉट्सॲपने व्यवसायांसाठीचे नियम बदलले आणि १५ जानेवारी २०२६ पासून व्हॉट्सॲपवरचा चॅटजीपीटी बंद झाला. ज्यांनी आपलं खातं जोडून ठेवलं नव्हतं, त्यांना तिथलं जुनं संभाषण चॅटजीपीटीच्या ॲपमध्ये नेता आलं नाही.

मग तुम्ही काय करायचं?

१. ओळखीचे पाच प्रश्न ठेवा. ज्यांची उत्तरं तुम्हाला पक्की माहीत आहेत, असे प्रश्न. तुमच्या गावाचा तालुका कोणता, बाजार समिती कोणती, तुमच्या पिकावरची नेहमीची कीड कोणती. असिस्टंटचं बोलणं बदलल्यासारखं वाटलं की तेच प्रश्न पुन्हा विचारा. एकाच प्रश्नाचं उत्तर दर वेळी थोडं वेगळं येऊ शकतं, म्हणून दोनदा विचारा.

२. जिल्हा सांगा, तारीख विचारा. 'सेलूचा भाव' नको, 'वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (सेलू) बाजार समितीचा आजचा भाव' असं विचारा. ही माहिती कुठून आणि कोणत्या तारखेची, हेही विचारा.

३. औषध, पैसा आणि कागदपत्रं यांत शेवटचा शब्द माणसाचा. फवारणीआधी डब्यावरचं लेबल वाचा. सहायक कृषी अधिकारी, सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र किंवा किसान कॉल सेंटर (१८००-१८०-१५५१) यांना विचारा. हा क्रमांक मोफत आहे.

४. अपडेटनंतर परवानग्या बघा. माइक, कॉन्टॅक्ट्स, लोकेशन यांतलं जे लागत नाही ते बंद करा.

५. व्हॉट्सॲपवर आलेली 'अपडेट' फाइल उघडू नका. शेवटी '.एपीके' असलेल्या फाइलमधून बँक खाती रिकामी झाल्याचे प्रकार घडले आहेत. अपडेट फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर कॉल करा.

सुरक्षेचे अपडेट टाळू नका, ते गरजेचेच आहेत. पण असिस्टंटवरचा विश्वास आपोआप अपडेट होऊ देऊ नका. गेल्या हंगामात त्याने बरोबर उत्तर दिलं होतं, एवढ्यावर या हंगामातला सल्ला बरोबर ठरत नाही.