जखडलं तर वीज नाही, सोडलं तर यंत्र नाही

मे 2010. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्बला बंदराबाहेर समुद्र खवळला आणि ‘ओशनलिंक्स’ कंपनीचं लाटांपासून वीज करणारं तरंगतं यंत्र बंध तोडून निघालं. लाटरोधक बांधावर जाऊन आपटलं आणि बुडालं. डेन्मार्कच्या ‘वेव्ह ड्रॅगन’ची गत आणखी विचित्र. जानेवारी 2005च्या वादळात त्याच्या मुख्य दोराचा ताण मोजायला बसवलेलं उपकरणच तुटलं आणि यंत्र वाहत किनाऱ्याला लागलं!

तेलाचा तरंगता फलाट शक्य तितका स्थिर ठेवायचा असतो. लाटेच्या यंत्राची वीज मात्र त्याच्या हलण्यातूनच येते. म्हणजे रोज डोलू द्यायचं आणि वादळात सुटू द्यायचं नाही.

जुना उपाय जड साखळदंडाचा. त्याचा बराच भाग तळावर लोळत असतो. लाटेनं यंत्र ओढलं की साखळी थोडी उचलली जाते आणि तिचं वजनच यंत्राला मागे खेचतं. तळाशी लोळणाऱ्या साखळीमुळे नांगराला बसणारी ओढ आडवी राहते. आडव्या ओढीनं नांगर अधिक रुततो, वरच्या ओढीनं उपटतो. पण ही यंत्रं बहुधा पन्नासेक मीटर पाण्यात उभी करतात. तिथे उचलायला साखळी उरतेच किती? मोठ्या लाटेत ती पुरती ताठ होते. सैल पडून पुन्हा ताणली गेली तर बसणारा झटका साध्या ओढीच्या कितीतरी पट असतो. म्हणून मध्ये ताणले जाणारे नायलॉनचे दोर घालतात, बोये लावतात. तरी वर्षाकाठी लाखो हिसके खाऊन दोर आणि कड्या थकतातच.

लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन मीटरच्या लाटेपेक्षा दहा मीटरच्या लाटेत पंचवीसपट. कमाई पहिलीवर, खर्च दुसरीसाठी. माझ्या मते हा धंदा अडतो तो मुख्यतः इथेच.

स्कॉटलंडच्या ‘पेलामिस’नं त्यातल्या त्यात शहाणपण दाखवलं: सापासारखं लांबट यंत्र, नाकाशी बांधलेलं, लाटेला अरुंद तोंड देणारं आणि दुरुस्तीसाठी झटपट सोडवून बंदरात नेता येणारं. पैशाअभावी ती कंपनीही 2014मध्ये बुडाली.

आपल्याकडे आयआयटी मद्रासनं 2022मध्ये तुतिकोरिनजवळ ‘सिंधुजा-1’ उतरवलं, क्षमता 100 वॉट. पश्चिम किनाऱ्यावर लाटा सर्वांत जोरात पावसाळ्यात, जेव्हा महाराष्ट्रातल्या यांत्रिक होड्या मासेमारीबंदीमुळे किनाऱ्याला असतात. यंत्राचे तेच कमाईचे दिवस. तेव्हा कोणी कोकणासाठी असा प्रकल्प मांडलाच, तर मेगावॉटच्या आकड्याआधी नांगराचा हिशेब मागा.