शेरखान कोणत्या आवाजात बोलतो?

२०१६च्या एप्रिलमधला दुसरा शनिवार. नागपुरात ऊन मी म्हणत होतं आणि आम्ही थिएटरच्या गारव्यात बसलो होतो. डावीकडे सत्तरी ओलांडलेली आई, उजवीकडे आठ वर्षांची भाची, तिच्या पलीकडे माझी थोरली बहीण. ‘द जंगल बुक’ हिंदीतून चालू होता. पडद्यावर दुष्काळ पडलेला, नदी आटून बुडालेला खडक वर आलेला, आणि एकमेकांना न मारण्याच्या करारानं हरणं, लांडगे, रानडुकरं एकाच काठावर पाणी पिताहेत. मग वाघ आला आणि त्यानं तोंड उघडलं. त्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत बहीण खुर्चीत पुढे सरकली आणि म्हणाली, “नाना!” मागच्या रांगेतूनही कुणीतरी नेमकं तेच म्हणालं.

बाहेर पडून उसाचा रस पिताना तिघींची तीन मतं ऐकली. बहिणीचं मत एका वाक्याचं होतं : नाना होता, पैसे वसूल. भाचीच्या हाती डिस्नेचं जुनं कार्टून डीव्हीडीवर आधीच आलं होतं. तिचा चेहरा पडलेला. “मावशी, तो शेवटी गावात गेलाच नाही. घागरवाली मुलगी कुठे गेली?” आई भंडारा जिल्ह्यातल्या, जंगलाला लागून असलेल्या गावची. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “वाघ तं बरोबर आहे पोरी, पण अस्वल आपलं नोहे.”

त्या दिवसापासून मला नाद लागला. हा चित्रपट ज्यानं पाहिलाय असं कळलं, की मी त्याचं मत विचारते आणि घरी येऊन वहीत लिहून ठेवते. शेजारी, विद्यार्थी, रेल्वेतले सहप्रवासी, पेंचचे वनरक्षक, अमेरिकेत स्थायिक झालेला मावसभाऊ... वह्या दोन भरल्या. लहानपणी पाहिलेलं कार्टून हाडामांसाचं होऊन समोर आलं, की माणूस आधी काय शोधतो, ते या वह्यांनी मला शिकवलं. तो आवाज शोधतो. चित्राशी तो नंतर भांडतो.

थोडी पार्श्वभूमी सांगते. रुडयार्ड किपलिंगचं ‘द जंगल बुक’ १८९४चं, दुसरा भाग १८९५चा. डिस्नेचं कार्टून ऑक्टोबर १९६७मध्ये आलं. वॉल्ट डिस्नेनं जातीनं लक्ष घातलेला तो शेवटचा कार्टूनपट. तो पडद्यावर येण्याच्या दहा महिने आधी वॉल्ट गेला. खऱ्या नटांचे मोगलीपट आधीही झाले होते : १९४२मध्ये म्हैसूरकडच्या साबूला घेऊन झोल्टान कोर्डानं केलेला आणि १९९४मध्ये खुद्द डिस्नेचाच. पुढे ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’, ‘सिंड्रेला’ अशी जुनी कार्टूनं नव्यानं, खऱ्या माणसांनिशी करण्याची लाटच आली आणि त्या लाटेत जॉन फॅवरोनं २०१६चा ‘जंगल बुक’ केला. जगभरात त्यानं ९६ कोटी डॉलरच्या वर कमाई केली. भारतात तो अमेरिकेच्या एक आठवडा आधी, ८ एप्रिलला लागला आणि तोवरच्या सगळ्या हॉलिवूडपटांना त्यानं इथे मागे टाकलं.

त्यानं इथे एवढं यश का मिळवलं, याचं उत्तर माझ्या मते डिस्नेच्या कार्टूनमध्ये नाही. ते दूरदर्शनच्या रविवार सकाळीत आहे. १९९३मध्ये दूरदर्शननं जी मालिका दाखवली ती डिस्नेची नव्हतीच. ‘निप्पॉन अ‍ॅनिमेशन’ या जपानी कंपनीनं १९८९मध्ये काढलेली ती ५२ भागांची मालिका हिंदीत आणलेली होती. शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची, आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. आमच्या वाड्यात रविवारी सकाळी ते गाणं लागलं, की पोरं तोंडात दात घासायचा ब्रश तसाच ठेवून टीव्हीपुढे येत. त्या पिढीसाठी मोगली हाच. डिस्नेचा गोबऱ्या गालांचा मोगली बहुतेकांनी नंतर, केबल आल्यावर पाहिला. काहींनी पाहिलाच नाही.

म्हणूनच २०१६चा हिंदी अवतार तयार करताना शेरखानसाठी पुन्हा नानांनाच बोलावलं गेलं आणि ते जुनं गाणंही भारतातल्या प्रसिद्धीसाठी नव्यानं ध्वनिमुद्रित झालं. अमेरिकेतल्या चित्रपटाला इथला प्रेक्षक मिळाला तो जपानी कार्टूनच्या पुण्याईवर. माझ्या वहीत तिशी-पस्तिशीतल्या जवळजवळ प्रत्येकाचं मत सुरू होतं ते नानांपासूनच.

आता या आवाजांबद्दल मला सविस्तर लिहू द्या, कारण या विषयातलं मला सर्वांत प्रिय ते हेच.

१९६७च्या शेरखानचा आवाज जॉर्ज सँडर्सचा. तो वाघ जेवणाच्या टेबलावर बसलेल्या सरदारासारखा बोलतो, कधी आवाज चढवत नाही. आपल्याला कुणी अडवू शकत नाही हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो सभ्य आहे. २०१६च्या इंग्रजीत इद्रिस एल्बाचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा खोल आणि जड. नानांची रीत वेगळीच. ते वाक्य मधेच तोडतात. तुटलेल्या जागी क्षणभर काहीच नसतं, आणि त्या काहीच नसण्यात ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. मग उरलेला तुकडा चावा घेतल्यासारखा येतो. वाघ शिकार करताना हेच करतो : दबा, थांबणं, झेप. १९९३मध्ये ते आवाजातून जाणवत होतं, पण चित्रातला वाघ साधा, रेघांचा होता. २०१६मध्ये त्या आवाजाला प्रथमच तोलाचं शरीर मिळालं, आगीनं भाजलेला चेहरा आणि एक निकामी डोळा असलेलं. दोन्ही एकत्र आले त्या पाणवठ्यावर, आणि बहीण ओरडली ती त्यासाठी.

किपलिंगचा शेरखान जन्मतः लंगडा. त्याच्या आईनंच त्याला ‘लंगडी’ म्हटलं असं पुस्तकात आहे. पळणारं जनावर झेपत नाही म्हणून तो गुरांवर आणि माणसांवर घसरतो. चित्रपटात लंगडेपणाच्या जागी भाजलेला चेहरा आला. माणसाच्या आगीनं त्याचा डोळा घेतला, म्हणून माणसाच्या पोरावर त्याचा राग. पुस्तकप्रेमी मंडळी या बदलावर रुसली. मला हा बदल पटतो, कारण त्यामुळे वाघाच्या बाजूनंही एक तक्रार उभी राहते आणि नानांच्या आवाजातल्या कडवटपणाला जागा मिळते.

बल्लू अस्वलावरून मात्र माझ्या वह्यांमध्ये सरळ दोन तट आहेत. हिंदीत बल्लू इरफान खानचा आणि त्याच्या हिंदीला पंजाबी लहेजा. पुण्याचा एक मित्र भडकून म्हणाला, “सातपुड्यातलं अस्वल पंजाबी कसं बोलेल?” मी त्याला १९६७चा बल्लू ऐकायला सांगितलं. तो आवाज फिल हॅरिसचा. हॅरिस वाद्यवृंदाचा प्रमुख आणि रेडिओवरचा विनोदवीर. अमेरिकन माणसाला तो आवाज ऐकताच सैल, मजेत जगणारा, उद्याची चिंता न करणारा गडी डोळ्यांपुढे येई. इरफाननं आपल्याकडचा तोच गडी शोधला, आणि हिंदी श्रोत्याच्या कानाला तो पंजाबीत सापडतो. इरफानचा बल्लू मला मूळ इंग्रजीतल्या बिल मरेपेक्षाही आवडतो. बिबट्या बघीराला ओम पुरी, लांडगीण रक्षाला शेफाली शाह, अजगर ‘का’ला प्रियांका चोप्रा यांचा आवाज. ओम पुरींचा बघीरा जुन्या शाळेतल्या गुरुजींसारखा आहे, ओरडतो कमी आणि काळजी करतो जास्त. पुस्तकातला बघीरा उदयपूरच्या राजाच्या पिंजऱ्यात जन्मलेला आणि गळ्यावर पट्ट्याची खूण लपवणारा. ओम पुरींच्या आवाजात ती खूण ऐकू येते असं मला दर वेळी वाटतं. २०१७च्या जानेवारीत ओम पुरी गेले, २०२०मध्ये इरफान. आता हिंदी आवृत्ती पाहताना त्या दोघांच्या संवादांपाशी मी थांबते.

‘का’च्या बाबतीत किपलिंगवर अन्याय झाला हे मात्र सांगायलाच हवं. पुस्तकात हा अजगर मोगलीचा मित्र आहे, माकडांच्या तावडीतून त्याला सोडवणारा. १९६७च्या कार्टूननं त्याला डोळे गरगरवणारा खलनायक केलं आणि २०१६नं तेच पुढे नेलं. माकडांना पुस्तकात राजाच नाही, ती बेशिस्त जमात हाच त्यांचा मुद्दा आहे. डिस्नेनं राजा लुई हा ओरांगउटान घातला. भारतात ओरांगउटान नसतो, हे लक्षात घेऊन फॅवरोनं त्याच्या जागी नामशेष झालेला महाकाय कपी, जायगँटोपिथेकस, आणला. पण इतक्या खऱ्या दिसणाऱ्या, भीती वाटेल अशा प्राण्यानं अचानक गाणं म्हणायला लागावं हे अनेकांना खटकलं. मलाही. कार्टूनमध्ये गाणं श्वासाइतकं सहज येतं. केसन् केस खरा वाटणाऱ्या जनावराच्या तोंडून तेच गाणं परकं वाटतं.

खरेपणाचा हा प्रश्न आपल्या सेन्सॉर बोर्डानंही उभा केला होता. मुलांच्या या चित्रपटाला ‘यू/ए’ प्रमाणपत्र मिळालं. थ्रीडीत प्राणी अंगावर येतात, मुलं घाबरतील, असं बोर्डाच्या तेव्हाच्या अध्यक्षांचं म्हणणं होतं. समाजमाध्यमांवर मोठी टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांत मी नव्हते. भाची शेरखानच्या दोन झेपांना माझ्या दंडात तोंड खुपसून बसली होती. तिनं कार्टूनमधला वाघ दहादा पाहिला होता आणि त्याला ती कधीच घाबरली नव्हती.

आणि हे सगळं जंगल जंगलात चित्रित झालेलंच नाही! नील सेठी हा न्यूयॉर्कचा भारतीय वंशाचा मुलगा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, निळ्या पडद्यांपुढे, बाहुल्यांशी बोलत होता. झाडं, पाणी, चिखल, प्राणी संगणकावर घडले आणि त्यातलं बरंच काम बेंगळुरूतल्या कलाकारांनी केलं. दृश्य-परिणामांचं ऑस्कर चित्रपटाला मिळालं.

आईच्या अस्वलानं मात्र मला स्वस्थ बसू दिलं नाही. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर पेंचचं जंगल उघडल्यावर मी तिथे गेले. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्यानं मनसर, देवलापार, मग खवासा. इथे महाराष्ट्र संपतो आणि शिवनी जिल्हा लागतो. किपलिंगच्या टेकड्या त्या या. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली जन्मलेला हा लेखक शिवनीला कधी आलाच नव्हता. त्यानं मोगली लिहिला अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये, बर्फात बसून. जंगल त्यानं घेतलं ते स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८७७च्या शिवनीवरल्या पुस्तकातून. तरीही सागाच्या वाळक्या पानांचा तो आवाज, नाल्यातले गोल दगड, अंगावर पांढरी साल चकाकणारा कुलूचा वृक्ष पाहिला, की पुस्तक इथलंच वाटतं.

गेटवरच्या वनरक्षकांनीही चित्रपट पाहिला होता, मोबाइलवर. मी आईचं वाक्य सांगताच ते हसले. “बरोबर बोलल्या आई. ते तपकिरी अस्वल हिमालयातलं. आमचं काळं, झिपरं, छातीवर पांढरा पट्टा. वारुळ फोडून वाळवी खाते, मोहाची फुलं खाते. आणि ते काही गाणं म्हणत नाही ताई, जंगलातल्या माणसाला वाघापेक्षा त्याचंच भेव जास्त.” खुद्द किपलिंगनंच बल्लूला तपकिरी लिहून ठेवलंय, तेव्हा दोष चित्रपटाचा नाही. पण माझ्या वहीतल्या शंभरेक मतांमध्ये अस्वलाची चूक पकडणारी माणसं दोनच, आई आणि ते वनरक्षक. दोघांनी अस्वल समोरासमोर पाहिलेलं आहे.

शेवटाबद्दल भाचीचं गाऱ्हाणं मी अजून सोडवू शकलेले नाही. कार्टूनमध्ये मोगली घागरवाल्या मुलीमागे गावात जातो, नव्या चित्रपटात तो लांडग्यांतच राहतो. पुस्तकात तो गावात जातो, म्हशींचा कळप उधळून नाल्यात शेरखानला चिरडतो, मग गावातून हाकलला जातो आणि वाघाचं कातडं सभेच्या खडकावर पसरतो. म्हशी हाकणारं पोर वाघाला मारतं, ही गोष्ट आमच्या भागातल्या कुठल्याही गुराख्याला लगेच कळेल. ती ना कार्टूननं घेतली, ना या चित्रपटानं. दख्खनमधून रानकुत्र्यांची टोळी लांडग्यांवर चालून येते आणि मोगली त्यांना मधमाश्यांच्या कड्यावरून वैनगंगेत ओढतो, ती दुसऱ्या भागातली विलक्षण कथाही दोन्हींत नाही.

हो, वैनगंगा. किपलिंगच्या पुस्तकातली नदी तीच. शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटहून गोंदिया-भंडाऱ्यात उतरते, गडचिरोलीच्या कडेनं जाऊन वर्धेला मिळते आणि प्राणहिता होते. माझी आई त्या नदीत पोहायला शिकली. तिच्याच काठचा वाघ २०१६मध्ये भारतात इंग्रजी, हिंदी, तमीळ आणि तेलुगूत बोलला. मराठीत बोलला नाही, आणि त्याला आवाज देणारा माणूस मुरुड-जंजिऱ्याचा होता!

मराठीत आज उत्तम आवाज आहेत, नाटकांतून आणि आकाशवाणीवरून तयार झालेले. प्राण्यांच्या तोंडी घालायला झाडीबोली आहे, वऱ्हाडी आहे, मालवणी आहे. ज्यांच्या हाती असे चित्रपट भाषांतरित करून आणायचं काम आहे, त्यांनी पुढचा मोगली येईल तेव्हा मराठीचा विचार करावा, आणि शेरखानसाठी आधी नानांना फोन लावावा. बल्लूला मात्र भंडाऱ्याकडचाच माणूस हवा.