विसांतले आठ

मोझरीच्या शिवारात कापूस होतो, तूर होते, सोयाबीन होतं, संत्र्याचे बगिचे आहेत. गोल्फ नाही. अठरा होलच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते आणि उन्हाळाभर हिरवळ जगवायला पाणी. एप्रिलमध्ये विहिरीत डोकावून संत्र्याची झाडं वाचतील की नाही याचा अंदाज घेणाऱ्या तिवसा तालुक्यातल्या माणसाला हे सांगायची सोय नाही. गोल्फ बघायचाच तर नागपूर ओलांडून कामठीच्या लष्करी छावणीत जायचं, नाहीतर थेट पुणं-मुंबई गाठायची. तरीही या लेखात गोल्फबद्दल बरंच येणार आहे. हौशी खेळाडू म्हातारा व्हायला लागला की त्याचं काय करायचं, याचा सर्वांत बारीक विचार या साहेबी खेळाने करून ठेवला आहे. आणि तसाच विचार, वेगळ्या वाटेने, मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातही झालेला दिसतो.

वऱ्हाडात खेळांना तोटा नाही. खेड्याखेड्यांत कबड्डी आणि व्हॉलीबॉल, अमरावतीत कुस्ती आणि मल्लखांब, क्रिकेट तर जिथे मोकळी जागा तिथे. तोटा आहे तो खेळाडूच्या आयुष्यात. बाविशीत ज्याच्या चढाईवर पंचक्रोशीतले सामने फिरत, तो तिशीत शेती, दुकान, लेकरंबाळं यांत अडकतो. पस्तिशीत गुडघा कुरकुरतो. चाळिशीत त्याला खुर्ची मिळते, शाल-श्रीफळ मिळतं, आणि माईक हातात आला की तो ‘आमच्या टाइमाले’ अशी सुरुवात करतो. खेळाडू आणि प्रमुख पाहुणा यांच्या मध्ये दुसरी जागाच नाही. बायकांच्या वाट्याला तर पाहुण्याची खुर्चीही क्वचित येते. शाळेत खो-खो गाजवलेली मुलगी लग्नानंतर पुन्हा मैदानात दिसली, असं किती गावांत घडतं?

यात दोष फक्त समाजाचा नाही, शरीराचाही आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचं वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतं आणि साठीनंतर ही उतरण तीव्र होते. त्यातही झटक्याची ताकद आधी जाते. दम त्यामानाने टिकतो. अंदाज, म्हणजे समोरचा काय करणार हे आधी ओळखण्याची कला, बरीच वर्षं वाढतसुद्धा राहते. कबड्डी आणि कुस्ती झटक्यावर चालतात, म्हणून ते खेळ माणसाला लवकर बाहेर काढतात. गोल्फमध्ये चेंडू हलत नाही, कोणी अंगावर येत नाही, वेळ भरपूर असतो. सत्तरीतला माणूस तिथे खेळू शकतो यात नवल नाही. नवल हे की तो पंचविशीतल्या पोराशी बरोबरीने खेळू शकतो, आणि दोघांपैकी कोणालाही ती दया वाटत नाही.

ही किमया हँडिकॅपची. अठरा होल मिळून कसलेल्या खेळाडूने किती फटके घ्यावेत याचा आकडा ठरलेला असतो, बहुधा ७२. एखादा साधारण ९० घेतो, दुसरा ७८. मग पहिल्याला अठराच्या आसपास आणि दुसऱ्याला सहाच्या आसपास फटक्यांची सूट मिळते, आणि सूट वजा करून सामना लागतो. पूर्वी देशोदेशी वेगवेगळ्या पद्धती होत्या. २०२० पासून जगभर एकच पद्धत सुरू झाली, तिच्यात जास्तीत जास्त आकडा ५४ आहे. म्हणजे नुकताच शिकायला लागलेला आजोबाही हिशेबात बसतो.

पण खरी गंमत हा आकडा काढण्याच्या रीतीत आहे. तुमचे शेवटचे वीस डाव घ्यायचे. त्यांची सरासरी काढायची नाही. त्यांतले सर्वांत चांगले आठ निवडायचे आणि त्यांची सरासरी काढायची. उरलेले बारा, ज्यांत कंबर धरली होती, रात्री झोप नव्हती, पोराचं लग्न ठरत नव्हतं, ते सगळे बाजूला. तुमची किंमत तुमच्या बऱ्या दिवसांवरून ठरते. नवीन डाव आला की सर्वांत जुना विसांतून गळतो, म्हणून पाच वर्षांपूर्वी तुम्ही कोण होता याला इथे काही अर्थ नाही. ‘आमच्या टाइमाले’ म्हणणाऱ्याची ही वही दखल घेत नाही. आणखी एक तरतूद तर मला फार शहाणपणाची वाटते. गेल्या वर्षभरातल्या तुमच्या सर्वांत चांगल्या आकड्यापेक्षा आताचा आकडा तीनाने वाढला की पुढची वाढ निम्मीच धरली जाते, आणि पाचाच्या पुढे ती जातच नाही. खेळ कितीही बिघडला तरी कागदावरची घसरण एका मर्यादेत थांबते. मुद्दाम वाईट खेळून सूट लाटणाऱ्यांना आवर घालण्यासाठीही ही मेख आहे, हे खरं. पण आजारपणातून उठलेल्या माणसाला तिचा आधारच होतो.

आता या वहीतला माणूस बघू. चाळिशीत त्याला कळतं की दोनशे यार्ड सहज जाणारा फटका आता जात नाही. पहिला उपाय पैशाचा असतो, नवी काठी विकत घेण्याचा. ती काठी साधारण एक हंगाम चालते, म्हणजे तिच्यावरचा विश्वास तेवढा टिकतो. पन्नाशीत शहाणपण येतं. लांब मारण्याचा नाद सोडून तो हिरवळीच्या जवळच्या नाजूक फटक्यांवर मेहनत घेतो, आणि चमत्कार असा की आकडा थोडा खाली येतो. ही या प्रवासातली सर्वांत सुखाची वर्षं. मग पाठ. मग मोतीबिंदू, चेंडू उडतो आणि कुठे गेला ते दुसऱ्याने सांगावं लागतं. काहींना सर्वांत चमत्कारिक व्याधी जडते. तीन फुटांवरचं भोक, चेंडू फक्त ढकलायचा, आणि मनगट ऐन वेळी आपोआप झटका घेतं. जर्मनीच्या बर्नहार्ड लांगरसारख्या जगज्जेत्यांनाही हिने वर्षानुवर्षं छळलं आहे. साठीनंतर पुढच्या खुणेवरून खेळायला लागायचं, अठराऐवजी नऊ होलांवर थांबायचं, गाडीत बसायचं, अशा एकेक तडजोडी येतात. आणि शेवटी चौघांच्या टोळीतला एक जण येईनासा होतो. या शेवटच्या गोष्टीला वहीत रकाना नाही.

रोजच्या अपयशासाठीही गोल्फने सोय केली आहे. फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या इंग्रज डॉक्टरने गुण मोजण्याची एक पद्धत काढली, ती १९३२ पासून रुळली. प्रत्येक होलचे गुण वेगळे. एका होलवर तुमचा पार बोजवारा उडाला तर तिथे शून्य घ्या, चेंडू उचला आणि पुढे चला. एका वाईट होलमुळे पूर्ण दिवस बुडत नाही. परीक्षेच्या धाकात वाढलेल्या आपल्या माणसांना ही कल्पना पचायला जड जाईल, पण पन्नाशीनंतर ती औषधासारखी घ्यावी.

हौशी गोल्फचा देव बॉबी जोन्स. अमेरिकेतला हा वकील स्पर्धांमध्ये कायम हौशी म्हणूनच खेळला. १९३० मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्या काळातल्या चारही मोठ्या स्पर्धा त्याने एका वर्षात जिंकल्या आणि स्पर्धेचा खेळ सोडून दिला. पुढे मणक्याच्या आजाराने तो चाकाच्या खुर्चीला खिळला. म्हणजे शिखरावर थांबण्याने उतार टळतोच असं नाही. याच्या उलट टोकाला धंदेवाईक सॅम स्नीड. १९७९ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतल्या एका मोठ्या स्पर्धेत त्याने एका दिवशी ६७ फटक्यांत डाव पुरा केला आणि त्याच स्पर्धेत ६६ फटक्यांतही. आपल्या वयाइतक्या किंवा त्याहून कमी फटक्यांत डाव संपवणं हे म्हाताऱ्या गोल्फवाल्यांचं पंढरपूर. या एका हिशेबात प्रत्येक वाढदिवस तुमच्या बाजूने असतो. आणि मग टॉम वॉटसन. २००९ ची ब्रिटिश ओपन, वय एकोणसाठ, खुबा बदलून वर्षही झालेलं नाही, आणि शेवटच्या होलवर सुमारे आठ फुटांचा फटका बसला असता तर विजेतेपद. बसला नाही. बरोबरी सुटण्यासाठीच्या जादा होलांवर त्याचा खेळ गळून पडला आणि स्ट्युअर्ट सिंकने करंडक नेला. त्या दिवशी सिंक जिंकला याचं वाईट वाटलेले लोक जगभर होते. बिचाऱ्या सिंकचा यात काय दोष!

गोल्फ खेळणारे जास्त जगतात, असंही सांगितलं जातं. स्वीडनमध्ये तीन लाख गोल्फ खेळाडूंच्या नोंदी तपासून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचा मृत्युदर इतरांपेक्षा ४० टक्के कमी आढळला, म्हणजे आयुर्मानात सुमारे पाच वर्षांचा फरक. चार-पाच तास मोकळ्या हवेत चालणं, मित्र, ठरलेली वेळ, ही कारणं दिसतातच. पण मुळात धडधाकट माणूसच खेळायला जातो, हेही आहे. कोपनहेगनच्या हृदयविषयक अभ्यासात २०१८ मध्ये टेनिस आणि बॅडमिंटन खेळणारे अधिक जगताना दिसले, टेनिसवाले बैठ्या लोकांपेक्षा ९.७ वर्षं आणि बॅडमिंटनवाले ६.२ वर्षं. अमरावतीत सकाळी बॅडमिंटनच्या हॉलवर जाणाऱ्या ज्येष्ठांनी हा आकडा घरी सांगायला हरकत नाही. मात्र दोन्ही अभ्यासांत बोट ठेवता येईल असं एक साम्य आहे, ज्यांच्याकडे सवड आहे तेच खेळतात.

आपल्या विदर्भातला या विषयाचा महापुरुष नागपूरचा. सी. के. नायडू, जन्म १८९५. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण १९४५-४६ च्या हंगामात, पन्नाशी उलटल्यावर, होळकर संघाकडून बडोद्याविरुद्ध द्विशतक. साठी उलटल्यावर १९५६-५७ मध्ये उत्तर प्रदेशाकडून रणजी. आणि अडुसष्टाव्या वर्षी, १९६३-६४ मध्ये, शेवटचा प्रथम श्रेणीचा सामना. नायडूंच्या गोष्टीने उमेद येते, पण तिचा उपयोग किती? असा माणूस शतकात एखादा. त्यांना कोणी सूट दिली नव्हती, त्यांनी मागितलीही नसती. बाकीच्यांना व्यवस्था लागते.

धावण्याच्या खेळाने ती केली आहे. ज्येष्ठांच्या ॲथलेटिक्समध्ये पस्तिशीपासून दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो. पंजाबच्या मान कौर त्र्याण्णवाव्या वर्षी धावायला लागल्या आणि २०१७ मध्ये, एकशे एकाव्या वर्षी, ऑकलंडच्या जागतिक ज्येष्ठ स्पर्धेत शंभर मीटरचं सुवर्णपदक घेऊन आल्या. त्यांच्या वयोगटात त्या एकट्याच होत्या. हे ऐकून हसू येतं खरं, पण शेवटच्या रेषेपर्यंत जायचं होतंच की. मात्र वयोगटात एक उणीव राहते. म्हातारे म्हाताऱ्यांत, तरुण तरुणांत. नातू आणि आजोबा एका सामन्यात येत नाहीत.

आखाड्याने वेगळी वाट काढली. पहिलवान थकला की वस्ताद होतो. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा इतिहास म्हणजे या वाटेचाच विस्तार. अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये आखाड्यापासून सुरुवात केली. १९३६ मध्ये मंडळाचं पथक बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. पुढे शारीरिक शिक्षणाची महाविद्यालयं उभी राहिली. ज्यांनी ही धुरा अनेक दशकं वाहिली त्या प्रभाकरराव वैद्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. खेळातला माणूस म्हातारपणी खेळातच कसा राहतो, याचं या मंडळासारखं उदाहरण जवळपास नाही. पण वस्ताद एका आखाड्यात एकच. दहा थकलेल्या पहिलवानांपैकी नऊ जण पारावर बसतात.

त्या नऊ जणांची सोय मोझरीत दिसते, खेळात नसली तरी भजनात. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये इथे गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांच्या ग्रामगीतेत व्यायाम आणि आरोग्य हे गावाच्या कामाचेच भाग आहेत, माणसाच्या खाजगी हौशीचे नाहीत. पण मला इथे त्यांची खंजिरी आठवते. ११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. दरवर्षी दिवाळीच्या आधी पुण्यतिथी महोत्सवाला गावोगावची भजनी मंडळं मोझरीला येतात. एखाद्या मंडळाकडे नीट बघा. मधला गायक चाळिशीचा. त्याच्या मागे साथ धरणारा सत्तरीचा, जो कधीकाळी मधे होता. आवाज चढेनासा झाला तसा तो एक पाऊल मागे सरकला. कोणी निरोप समारंभ केला नाही, कोणी शाल दिली नाही. शेजारी नऊ-दहा वर्षांचं पोरगं टाळ धरून. तिघंही एकाच भजनात आहेत, आणि ताल चुकला तर म्हाताऱ्यालाही तेवढंच रागावून बघितलं जातं. गोल्फने जे गणिताने साधलं ते इथे जागा बदलून साधलं आहे. आपल्या खेळांना यांतलं एकही जमलेलं नाही.

मला वाटतं, दोन्ही उचलता येतात, हिरवळ न उचलता. गावच्या व्हॉलीबॉलमध्ये पन्नाशीच्या गड्याला मागच्या फळीत कायमची जागा द्यावी, उड्या पोरांनी माराव्यात. बॅडमिंटनचा गेम एकवीस गुणांचा; साठीच्या काकांना विशीतल्या पोराविरुद्ध सात किंवा आठ गुण आधीच मांडून द्यावेत आणि किती द्यायचे ते शेवटच्या वीस गेमांतल्या आठ चांगल्या गेमांवरून ठरवावं. पोरगं जीव तोडून खेळेल, काकाही. पहिली अडचण काकांचीच येईल. ‘मले नाही पाहिजे फुकटचे पॉइंट’ म्हणून ते बॅग उचलतील. पाच-सहा वेळा दोन-दोन गुणांनी हरले की परत येतील आणि आठाचे नऊ करून मागतील. मग ही वही कोणाकडे ठेवायची, यावर भांडण लागेल, आणि ते बरेच दिवस चालेल.